ठाणे ते उरण, भर पावसात: गाडीतलं काय बंद करावं आणि काय नाही

श्रावणातला रविवार, आत्याला कासारवडवलीला सोडायचं आणि तिथून उरणला जेवायला जायचं, असा बेत. शेजारच्या सीटवर मेव्हणा. गाडीत आपोआप चालणाऱ्या मदतनीस यंत्रणांबद्दल त्याचं मत ठरलेलं: "भावजी, आपल्या रस्त्यांवर ही फॅडं चालत नाहीत. सगळं बंद करून टाका." त्याचं अर्धं बरोबर आहे. कॅमेऱ्याने बघून स्टेअरिंगला हात लावणारी यंत्रणा (लेन असिस्ट) या वाटेवर खरंच बंद ठेवावी. पण चाकांवरून घसरण ओळखणारी (स्टॅबिलिटी कंट्रोल) बंद करू नये, पावसात तर नाहीच. दोन्हींची बटणं बऱ्याच गाड्यांत शेजारी-शेजारी असतात, म्हणून निघण्याआधी पार्किंगमध्येच मॅन्युअल उघडून कुठलं कशाचं ते बघून घ्या. धावत्या गाडीत शोधाशोध नको.

घोडबंदर रोडवर याचा प्रत्यय लगेच येतो. लेन असिस्टचा कॅमेरा काचेमागून रस्त्यावरचे पट्टे वाचतो आणि गाडी पट्ट्यावर जायला लागली की पॉवर स्टेअरिंगच्या मोटरकरवी चाक आत ओढतो. साधारण ६० च्या पुढे तो जागा होतो. रविवारी सकाळी मानपाडा सुटल्यावर तेवढा वेग सहज मिळतो, आणि तिथेच घोळ होतो. मेट्रोच्या कामासाठी लेन इकडून तिकडे सरकवलेल्या, नवा पट्टा मारलेला, पण जुना नीट खरवडलेला नाही. पाणी साचलं की जुनाच जास्त चमकतो. वाघबिळच्या पुढे मी नव्या पट्ट्याबरोबर डावीकडे वळत होतो आणि स्टेअरिंग जुन्या पट्ट्याकडे, म्हणजे सरळ बॅरिकेडच्या दिशेला, रेटत होतं. रेटा फार नसतो, हाताने सहज मोडता येतो. पण डावीकडून बाइकवाला घासून जात असताना स्वतःच्याच गाडीशी कुस्ती कोण खेळणार? बंद केलं. खड्डा चुकवतानाही हाच त्रास, कारण इंडिकेटर न देता पट्टा ओलांडला की यंत्रणेला वाटतं तुम्हाला डुलकी लागली. इंडिकेटर दिला तर ती गप्प बसते, पण खड्ड्यागणिक इंडिकेटर दिला तर मागच्याने काय समजायचं!

आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा मात्र मी चालू ठेवतो. रिक्षा आडवी घुसली की ती उगाच ओरडते, हे खरं. बऱ्याच गाड्यांत इशारा लवकर, मध्यम की उशिरा द्यायचा ते ठरवता येतं. तिथे 'उशिरा' निवडा आणि विषय सोडा.

आत्याला सोडून माजिवडा, कळवामार्गे पुढे निघालो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली जोराच्या पावसात पाणी तुंबतं, तेव्हा निघण्याआधी एकदा चौकशी करा. ठाणे-बेलापूर रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ट्रक आणि कंपन्यांच्या बस, बाकी सरळ.

पाम बीच रोडला पट्टे स्वच्छ आहेत, पण वेगमर्यादा ६०, त्यामुळे ती पाळणाऱ्याचा लेन असिस्ट तिथे बहुतेक झोपलेलाच असतो. इथे कामाला येतं ते स्टॅबिलिटी कंट्रोल. नेरूळच्या अलीकडे डिव्हायडरच्या झुडपातून कुत्रं रस्त्यात आलं. मी स्टेअरिंग वळवलं, लगेच परत सरळ केलं. ब्रेकपाशी कर्रर्र आवाज झाला, डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचा पिवळा दिवा लुकलुकला आणि गाडी आपल्या लेनमध्ये. स्टेअरिंग किती वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती वळतेय याचा मेळ बसला नाही, की ही यंत्रणा नेमक्या एकाच चाकाला ब्रेक लावते. माणसाच्या पायाला ते जमणारच नाही, पेडल एकच असतं. १९९७ मध्ये मर्सिडीजची ए-क्लास स्वीडनमध्ये अशाच चाचणीत, रस्त्यात अचानक मूस (तिकडचं अवाढव्य हरीण) आलं तर काय, हे बघताना उलटली, आणि मग कंपनीने त्या मॉडेलच्या सगळ्या गाड्यांत ती बसवली. हे सांगितल्यावर मेव्हणा बेलापूरपर्यंत काही बोलला नाही. टायर गुळगुळीत असतील तर मात्र हीही काही करू शकत नाही. खाचांमधले छोटे उंचवटे १.६ मिमीचे असतात, टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की बदलाच.

ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक जागच्या जागी गरगरू न देणारी यंत्रणा, बंद करायची वेळ आली ती गव्हाण फाट्याजवळ. चहासाठी मातीच्या भरावावर गाडी लावली होती. डंपरांनी तुडवलेला चिखल, पुढची दोन्ही चाकं रुतली. तिला चाक नुसतं फिरलेलं खपत नाही, त्यामुळे रेस दिली की ती इंजिनचा जोर कापते आणि गळा दाबल्यासारखा आवाज करत गाडी जागच्या जागी. चिखलातून निघायला चाक थोडं फिरून माती झटकावीच लागते. बटण एकदा दाबलं (बऱ्याच गाड्यांत दाबून धरलं की स्टॅबिलिटीही जाते, तेवढं लांबवू नका), पायाखालचे मॅट चाकांपुढे सरकवले, स्टेअरिंग सरळ, दुसरा गिअर, हलकी रेस. निघाली. डांबरावर येताच पुन्हा चालू केलं. पण एकच चाक अधांतरी असेल, दुसऱ्याला जमीन लाभत असेल, तर ट्रॅक्शन चालूच ठेवा. मोकळ्या चाकाला ब्रेक लावून ते जोर दुसऱ्याकडे वळवतं.

चहा पिऊन गाडी पुन्हा सुरू केली की बऱ्याच गाड्यांत लेन असिस्ट आपोआप परत येतो, तेव्हा दर थांब्यानंतर दिवा बघा. परतीला उजेड असतानाच निघा. रात्री ओल्या रस्त्यावर समोरच्या कंटेनरच्या दिव्यांत पट्टे कॅमेऱ्यालाही दिसत नाहीत. आणि सोसायटीचा स्टिकर आरशामागच्या कॅमेऱ्यासमोर चिकटवला असेल तर आधी तो काढा. फास्टॅगची जागा मात्र लावतानाच नीट निवडा, कारण सोलून काढलेला फास्टॅग पुन्हा चालत नाही.