मावशी, एवढी पिल्लं कशाला विकता?

मालाडच्या बाजारात माझ्या पाटीतली बारीक पापलेटं बघून हा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं हल्ली वाढली आहेत. "कायद्याने बंदी आहे ना, मावशी?" हे त्याला जोडून येतंच. आधी मी हसून टाळायचे, मग चिडायला लागले. आता लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी मोबाइल पुढे केला की झालं.

बंदी मला माहीत आहे. 2023 मध्ये सरकारने पापलेटला राज्याचा मासा केलं आणि त्याच वर्षी 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटला 135 मिलिमीटर. कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा दीड सेंटिमीटर कमी. त्याहून लहान धरायचं नाही, विकायचंही नाही.

आता ते माझ्या पाटीत येतं कसं ते ऐका. आमची बोट मढची, डोलीची. डोल काही माशाच्या मागे धावत नाही. खुंटांना बांधलेली ती लांबलचक पिशवी पाण्याच्या ओढीसमोर तोंड उघडून उभी राहते, ओढ जे आणेल ते आत. बोंबील, करंदी, जवळा यांवर आमचं घर चालतं. खोल्याला, म्हणजे पिशवीच्या शेपटाला, आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बारीक ठेवावे लागतात, नाहीतर जवळा निसटून जातो. त्याच खोल्यात पावसाळा संपता संपता पापलेटची पिल्लं येतात. खोला बोटीवर रिकामा केला की खाली दबलेलं पापलेट मेलेलंच असतं, अंगावरची चंदेरी गेलेली, पोट फुटलेलं. ते परत पाण्यात टाकून कायदा पाळल्याचं समाधान मिळेल. पापलेट जिवंत होणार नाही.

हे सगळं मी माझा व्हिडिओ काढणाऱ्या त्या मुलालाही सांगितलं होतं. गणपती उठल्यानंतरचा रविवार. त्या दिवशी बाजारात पाय ठेवायला जागा नसते, सगळ्यांचे उपास-तापास एकदम सुटलेले. मी बारीक पापलेटचे वाटे लावून बसले होते. पोरगा सभ्य होता, आधी माझ्याकडून बोंबील घेतले, पैसेही न घासता दिले. मग पिशवीतून पट्टी काढली आणि एक पापलेट उचलून माझ्या पाटावर आडवं केलं. शेपटीच्या खाचेपर्यंत मोजलं. मी म्हटलं, अरे, खालचं टोक लांब असतं, तिथपर्यंत धर. त्याने धरलं. तरी कमीच भरलं. मग मोबाइल निघाला. "मावशी, हे बेकायदेशीर आहे, माहितीये ना तुम्हाला?" मी म्हटलं, "मेलेलं मावरं काय फेकून देऊ?" बाजूच्या बाया ओरडायला लागल्या, कोणीतरी त्याचा हात धरला, त्याने तेही रेकॉर्ड केलं.

माझं तोंड नीट दिसत नव्हतं. हात दिसत होता, बांगड्या, कोयता आणि पाटावरचं ते पापलेट. संध्याकाळपर्यंत ते बिल्डिंगींच्या ग्रुपवर फिरलं. ज्या सोसायटीत मी वर्षानुवर्षं दारोदार मासळी दिली, तिथल्या वॉचमनने दोन दिवसांनी गेटवरच थांबवलं. त्याचा दोष नाही, त्याला सांगितलं गेलं होतं. ते सगळं मी पचवलं असतं. पण बारावीतल्या माझ्या मुलीला तो व्हिडिओ तिच्या मैत्रिणीने पाठवला. ती भांडली नाही, रडली नाही. जेवताना म्हणाली, "आई, तो बोलत होता ते खरंच आहे ना?" मी तिला म्हटलं, तुझी फी कुठून येते ते आधी विचार. ती ताटावरून उठली नाही, पण पुढे बोललीही नाही.

त्या रात्री मला 2016 आठवलं. फेब्रुवारीत पर्ससीनवर, म्हणजे थव्याला गोल वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध आले तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. पर्ससीनचा अभ्यास करायला सरकारने नेमलेल्या सोमवंशी समितीच्या अहवालात काय आहे हे मला तेव्हा तोंडपाठ होतं. सभेत मी माईक हातात घेऊन म्हटलं होतं की ही मोठी जाळी आख्खाच्या आख्खा थवा वेढून नेतात, लहानमोठं बघत नाहीत, आमच्या पोरांनी खायचं काय? आजही मला ते बरोबरच वाटतं. पर्ससीन आणि आमची डोल एका तागडीत घालणाऱ्याने आधी एकदा बोटीवर यावं. पण माईकवाली ती बाई माझ्या पाटीसमोर आली तर तीही पट्टीच काढेल. पिल्लू कोणाच्या जाळ्यात मेलं, यावर पुढच्या वर्षीचं पापलेट ठरत नाही.

आणि तुम्ही? मोठ्या पापलेटचा भाव ऐकला की "बारीक आहेत का, तळायला?" हे कोण विचारतं? वाटा दुपारपर्यंत संपतो, तो मी काही घरी नेत नाही. हे म्हणून मी सुटते असं मात्र नाही. घेणारा नसता तरी तो माल सुकला असता, नाहीतर कुटीला, म्हणजे माशांची भुकटी करायला, गेला असता. डोल तर त्याच पाण्यात उभी असती.

खरं दुखणं तारखेत आहे असं माझा भाऊ म्हणतो, आणि बोट तोच चालवतो. पूर्वी पावसाळ्यातली मासेमारीची बंदी 10 जूनपासून 15 ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमेपर्यंत असायची. आता 1 जून ते 31 जुलै. आम्ही नारळ वाहतो तोवर बहुतेक वर्षी बोटी पाण्यात जाऊन आलेल्या असतात. ते पंधरा-वीस दिवस पापलेटला मिळाले तर बरंच काही वाचेल, हे धक्क्यावर कोणालाही विचारा. गेल्या बैठकीत भावाने सुचवलं की सरकारची वाट न बघता आपणच डोली उशिरा टाकू, आणि सुरुवातीला खोल्याचे आस मोठे ठेवू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एकाने विचारलं, पहिली बोट कोणाची थांबणार? शेजारच्या बंदरातले लोक थांबणार का? आणि जवळा गेला तर हप्ता कोण भरणार? भाऊ माझ्याकडे बघायला लागला, कारण बोटीच्या कर्जावर माझीही सही आहे. मी म्हटलं, पुढच्या बैठकीत सांगते.