खात्यात पैसे होते, पण तिला काढता येत नव्हते

"दादा, माझा पगार आलाच नाही बघा. बाकीच्या पोरांचा आला."

पौष चालू होता, निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं. बीडच्या धारूर तालुक्यात मी बँक मित्र म्हणून बसतो, म्हणजे बँकेची कामं गावातच करून देतो. ही पोरगी बारावी झालेली, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून ग्रामपंचायतीत लागलेली. 2024 पासूनच्या या योजनेत बारावीवाल्यांना महिन्याला 6,000, आयटीआय किंवा पदविका असेल तर 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये थेट खात्यात मिळतात. तिची हजेरी वेळेवर गेली होती. तिनं नवं खातंही काढलं होतं, पण त्यात छदाम नव्हता.

मला शंका आली ती आधारची. ज्या बँकेला आधार जोडलेलं असतं, पैसे तिथंच जातात, आपण नवं खातं कितीही काढा. तपासायला गेलो तर ओटीपी वडिलांच्या मोबाईलवर. वडील सांगली जिल्ह्यात उसाच्या फडात. तिनं फोन लावला. त्यांना अक्षरओळख नाही, म्हणून टोळीतल्या एका लेकराला हाक मारली. ते एकेक आकडा मोठ्यानं वाचत होतं, इकडं ही लिहून घेत होती. पहिल्या वेळी मुदत संपली, पुन्हा मागवला.

खातं सापडलं. शाळेत शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, दुसऱ्याच बँकेत. तिथं गेलो तर पैसे जमा होते, पण ती अठरा पूर्ण झाल्याची नोंदच नव्हती. खात्यावर पालक म्हणून वडील. तिची नवी सही घ्यायची तर पालकानं ती ओळखायला पाहिजे, असं काउंटरवर सांगितलं. नियम आहे, मान्य. पण उचल म्हणजे मजुरीचे पैसे आगाऊ घेतलेला माणूस हंगाम सोडून एका सहीसाठी कसा येईल? टोळीचा मुकादम सोडील का? मला मनापासून चीड आली. मतदान करायला चालते, सरकारी दप्तर सांभाळते, पण स्वतःच्या कमाईला हात लावता येत नाही!

शेवटी कारखान्याजवळच्या त्याच बँकेच्या शाखेत वडिलांचा अंगठा घेऊन काम झालं. त्यांचा अर्धा दिवस बुडाला.

बीडसारख्या जिल्ह्यात हे एकीचं नाही. रुजू होतानाच आधार कुठल्या बँकेला जोडलंय, मोबाईल कुणाचा आहे, खातं अजून पालकाच्या नावानं चालतंय का, एवढं बघितलं तर पोरांचे महिने वाया जाणार नाहीत. ग्रामसेवकांना मी तसं सांगितलंय. आता नवीन पोरं पहिल्या हजेरीआधी माझ्याकडं येतात.