लकडगंजची एक फेरी: कमी पैशात सुतारकामाचा मजबूत बेंच

नागपुरात सीताबर्डीहून प्रजापती नगरची मेट्रो धरून टेलिफोन एक्स्चेंज चौकात उतरलं की लाकडाचा बाजार, लकडगंज, जवळच आहे. निघायचं सकाळीच. मे महिन्यात अकरानंतर उन्हात फळ्या उलटसुलट करून बघणं होत नाही, आणि न बघता घेतलेलं लाकूड पुढे रडवतं.

माप घरूनच लिहून न्या. 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 34 इंच उंच बेंचला वरच्या 2 इंची फळ्या 2 घनफूट, 3 बाय 3 चे 32 इंची चार पाय पाऊण घनफुटाला थोडे कमी, आणि 4 बाय 2 च्या पट्ट्या (5 फुटी चार, 2 फुटी चार) दीड घनफूट. तूट धरून 5 घनफूट घ्या. उंचीचं माप मात्र स्वतःचं: सरळ उभं राहून हात सोडा, मनगटाचं हाड येईल तिथे बेंचचा माथा.

पहिला थांबा जुन्या लाकडाचा. सागाचा मोह इथे आवरा. बेंचला वजन हवं, आणि ते पाडलेल्या घरातल्या साल या झाडाच्या लाकडाच्या चौकटीत स्वस्तात मिळतं. जुनं लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, ही त्याची खरी किंमत. ओला साल घरी नेला की पहिल्याच उन्हाळ्यात पिळतो आणि टोकांना फाटतो. प्रत्येक नग एका टोकाकडून एक डोळा मिटून बघा, बाक लगेच दिसतो. मग लोहचुंबक फिरवा. डोकं तुटलेला खिळा लाकडाच्या रंगात मिसळून जातो, बोटालाही लागत नाही. आऱ्याचं पातं त्यावर आदळलं की दात जातात. खिळे असलेला माल आरावाला चिरायला घेत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

माथ्यासाठी पॅकिंगच्या पाइनच्या 8 इंची तीन फळ्या पुरतात. भाव विचारताना माप चिरलेलं की रंधा मारलेलं, हे आधी ठरवा. 2 इंचाची फळी दोन्ही बाजूंनी रंधल्यावर पावणेदोन इंचच हाती राहते.

दुसरा थांबा इतवारीतली लोहा ओळ: तीन सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) 5 इंची बोल्ट 8, नट, मोठे वायसर 16, लांबट भोकांचे लोखंडी कोन 6. बोल्ट लांब पट्ट्यांना, म्हणजे बेंच सुटा करून जिन्यावरून नेता येतो. आखूड पट्ट्या फेविकॉल आणि स्क्रूने कायमच्या बसवा. सालात आधी ड्रिलने भोक न पाडता स्क्रू घातला तर लाकूड तरी फुटतं नाहीतर स्क्रूचं डोकं तुटतं.

बेंच डुगडुगतो तो लाकूड बारीक म्हणून नाही, सांधा नुसत्या बोल्टवर असतो म्हणून. रंधा मारताना जोर लांबीच्या दिशेने येतो आणि पट्टी बोल्टभोवती फिरते. पायात पट्टीच्या रुंदीची 6 सूत खोल खाच घ्या, पट्टी हातोडीने ठोकूनच बसली पाहिजे. दोन बाजूंच्या खाचा एकाच उंचीवर आणू नका, पाय तिथेच दुबळा होतो. आखूड पट्टी सगळ्यात वर, लांब तिच्याखाली.

माथ्याच्या फळ्या एकमेकींना चिकटवू नका. उन्हाळ्यात जोडणी केली तर मध्ये सूतभर फट ठेवा. कोरडा मे संपून जुलै लागला की त्या फुगतात आणि जागा नसेल तर कमान धरतात. माथा पट्ट्यांना जोडणाऱ्या लोखंडी कोनांची लांबट भोकं त्यासाठीच, स्क्रू अगदी कचकचून आवळायचे नाहीत.

परतीसाठी मालवाहू ऑटो धरा. वाळलेला साल घनफुटाला चोवीसेक किलो भरतो, पाइन चौदाच्या आसपास. सगळं मिळून नव्वद किलोच्या वर जातं. पावती सोबत असू द्या. घरी आल्यावर फळ्या उभ्या टेकवून ठेवू नका, खाली पट्ट्या घालून सावलीत आडव्या रचा आणि दोन आठवडे हात लावू नका.