तुम्ही विचारलंत म्हणून: हरणाऱ्यांच्या बाजूला का बसते

तोक्योतल्या निशी-कासाई भागात गणपतीच्या जेवणाला पंगत बसली की दरवर्षी कुणीतरी विचारतंच. "ताई, तुम्ही ते बेसबॉल बघायला जाता ना? तेही कॉलेजच्या पोरांचं? आणि जी टीम कायम हरते तिच्याच बाजूला बसता म्हणे?" इस्लामपूरहून आई फोनवर तेच विचारते. ऑफिसातल्या जपानी मंडळींना तर याचं फारच नवल वाटतं. पंगतीत एवढं लांबलचक उत्तर देता येत नाही. मसालेभात येतो आणि विषय निघून जातो. म्हणून आता बसून सावकाश लिहिते.

ही टीम म्हणजे तोक्यो विद्यापीठाची, इथल्या भाषेत तोदाईची. तोक्योतल्या सहा विद्यापीठांची एक बेसबॉल लीग आहे: वासेदा, केइओ, मेइजी, होसेई, रिक्क्यो आणि तोदाई. १९२५ मध्ये तोदाई सहावी म्हणून आली आणि लीग पुरी झाली. तेव्हापासून आजपर्यंत बाकीच्या पाचही जणांनी विजेतेपदं मिळवली, तोदाईने एकदाही नाही. बहुतेक हंगामांत ती शेवटच्या क्रमांकावर असते. कारण साधं आहे. बाकीच्या विद्यापीठांना शाळांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, कोशिएनमध्ये, चमकलेली मुलं खेळाच्या जोरावर घेता येतात. तोदाईला ती वाट नाही. देशातली सगळ्यांत अवघड समजली जाणारी प्रवेश परीक्षा द्यायची आणि पास व्हायचं. चेंडू टाकणारा पिचर असो नाहीतर मागे झेलणारा कॅचर, परीक्षा तीच. एकदा नापास होऊन वर्षभर पुन्हा अभ्यास करून आलेली मुलं टीममध्ये पुष्कळ असतात. अशांना इथे रोनिन म्हणतात, म्हणजे धनी नसलेला सामुराई.

आता यात गंमत अशी, की हा खेळ जपानात आला तो याच मुलांच्या दारातून. १८७२ मध्ये होरेस विल्सन नावाच्या अमेरिकन मास्तरांनी ज्या शाळेत मुलांच्या हाती बॅट-बॉल दिला, ती शाळा पुढे तोक्यो विद्यापीठात मिळाली. तोक्योच्या कान्दा भागात त्या जागी एक स्मारक उभं केलं होतं, ते मी मुद्दाम जाऊन पाहिलं. ब्राँझचा मोठा हात, मुठीत चेंडू, आणि चेंडूवर कोरलेला जगाचा नकाशा. बोटं अशी घट्ट आवळलेली, की चेंडू आता सुटेल असं वाटत राहतं. मी बराच वेळ तिथे उभी होते.

विद्यापीठाच्या पूर्वतयारीच्या शाळेत, जिला पुढे इचिको म्हणू लागले, मासाओका शिकी हा कवी शिकत होता. हायकूला नवं रूप देणारा तो. हा माणूस बेसबॉलवेडा होता, कॅचर म्हणून खेळायचा. लहानपणीचं नाव नोबोरु, म्हणून 'रान' आणि 'चेंडू' ही दोन अक्षरं जोडून त्याने स्वतःची सही केली. तीही 'नो-बोरु' अशी वाचता येते. पुढे १८९४ मध्ये इचिकोच्याच चूमा कानोए यांनी हीच दोन अक्षरं घेऊन खेळाला 'याक्यू' हे नाव दिलं, आणि आज सगळा जपान बेसबॉलला याक्यूच म्हणतो. शिकी क्षयाने गेला, अवघ्या ३४ वर्षांचा असताना. उएनोच्या बागेत त्याच्या नावाचं बेसबॉलचं मैदान आहे. शनिवारी दुपारी तिथे पोरं खेळत असतात, आणि कवीच्या नावाने मैदान असणं मला फार आवडतं.

२३ मे १८९६ रोजी इचिकोच्या मुलांनी योकोहामाच्या परदेशी क्लबला, ज्यांचा हा खेळ त्यांनाच, २९-४ असं हरवलं. तेव्हा इचिको म्हणजे देशातली सगळ्यांत मोठी टीम. १९०४ मध्ये वासेदा आणि केइओने तिला मागे टाकलं आणि पुढचा मान त्यांच्याकडे गेला. त्या दोघांतलं वैर तर इतकं पेटलं, की १९०६ मध्ये प्रेक्षकांच्या भांडणापायी त्यांचे सामनेच थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले थेट १९२५ मध्ये, तोदाई लीगमध्ये आली त्याच वर्षी.

तोदाईचे चांगले दिवस बोटांवर मोजण्याइतके. १९४६ चा वसंत, युद्धाने तोक्यो जळून गेलेलं. त्या हंगामात सगळे एकमेकांशी एकेकदाच खेळले. तोदाईने सलग ४ सामने जिंकले आणि केइओकडून १-० ने हरली. एका धावेने विजेतेपद हुकलं. दुसरा क्रमांक ही आजवरची सगळ्यांत मोठी मजल. मग १९८१ चा वसंत: वासेदा आणि केइओ या दोघांवरही मात, हंगामात ६ विजय. वर्तमानपत्रांनी नाव दिलं 'आकामोन सेंपू', म्हणजे लाल दरवाजाचं वादळ. हा लाल दरवाजा विद्यापीठाच्या होंगो आवारात आहे, १८२७ सालचा, एका सरदाराच्या घरी शोगूनची, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाची, मुलगी सून म्हणून आली तेव्हा बांधलेला.

पण मी बसते ती या दोन वर्षांसाठी नाही.

मी तोक्योला आले २०१२ मध्ये. त्या वसंतात एका सहकाऱ्याने जिंगू स्टेडियमचं तिकीट हातात ठेवलं. १९२६ सालचं जुनं स्टेडियम, सभोवती झाडी. फिकट आकाशी रंगाच्या बाजूला जाऊन बसले. तोच तोदाईचा रंग हे तेव्हा ठाऊकही नव्हतं. समोर काळ्या गणवेशातला एक मुलगा भलामोठा झेंडा कमरेच्या पट्ट्यात रोवून उभा. वारा सुटलेला, मनगटं थरथरत होती, पण काठी तसूभर कलली नाही. तोदाई हरली. हरल्यावर मुलं आमच्यापुढे रांगेत उभी राहिली, टोप्या काढल्या, कमरेत वाकली. मग समोरच्या बाजूने आमच्यासाठी आरोळी दिली आणि आमच्या बाजूने त्यांच्यासाठी. निम्मं काही कळलं नव्हतं, तरी पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले.

मी ज्या सालात शिरले ते कुठलं होतं, हे हळूहळू समजलं. २ ऑक्टोबर २०१० रोजी तोदाईने वासेदाला ४-२ ने हरवलं होतं. समोर पिचर होता साइतो युकी, कोशिएन गाजवून आलेला, सगळ्या देशाचा लाडका. ३५ पराभवांची माळ त्या दिवशी तुटली. आणि दुसऱ्याच दिवसापासून नवी माळ सुरू झाली. हंगाम वर्षाला दोन, वसंत आणि शरद. प्रत्येक विद्यापीठाशी शनिवार-रविवार दोन सामने, एकेक जिंकला तर सोमवारी तिसरा. म्हणजे सगळे हरलात तरी हंगामाला दहा सामने खेळायचेच. २०१३ मध्ये जायंट्स या व्यावसायिक संघाचे एकेकाळचे मोठे पिचर कुवाता मासुमी शिकवायला आले. तरी पराभव थांबले नाहीत. आधीचा विक्रम ७० चा होता, तोही मागे पडला.

जरा हिशेब करून बघा. २०११ च्या एप्रिलमध्ये जो मुलगा टीममध्ये आला, तो २०१५ च्या मार्चमध्ये पदवी घेऊन बाहेर पडला. आठ हंगाम, आणि लीगमध्ये एकही विजय नाही. चार वर्षं रोज सराव, रोज तास, वर परीक्षा. तरी ते रांगेत उभे राहून टोपी काढत होते.

२३ मे २०१५, शनिवार. होसेईविरुद्धचा सामना दहाव्या इनिंगमध्ये, म्हणजे जादा डावात, गेला आणि तोदाईने तो ६-४ असा जिंकला. ९४ पराभवांनंतर. इचिकोने योकोहामाला हरवलं ती तारीखही हीच, ११९ वर्षांपूर्वीची. हे मला रात्री घरी आल्यावर वाचताना कळलं आणि अंगावर काटा आला. स्टँडमध्ये सगळे उभे राहून गात होते. माझ्या दोन रांगा पुढे इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक तरुण होता, नुकताच नोकरीला लागलेला असावा. तो गात नव्हता. दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत उकिडवा बसला होता, आकाशी टॉवेल तोंडावर दाबून. कोण होता, मला माहीत नाही. शेजारच्या आजीबाईंनी वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तसाच ठेवला.

आता खरं उत्तर. नववीपर्यंत मी खो-खो खेळत होते. खांबावरची झेप चांगली होती माझी. जिल्ह्याच्या निवडीला नाव आलं, आणि घरात, शाळेत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य: "दहावीचं वर्ष आहे." कुणी रागावलं नाही, कुणी अडवलं नाही, नुसतं ते वाक्य म्हणाले. मी गेले नाही. दहावीला मार्क उत्तम पडले, पुढे सगळं नीट झालं. पण खेळ आणि अभ्यास यांतलं एकच निवडायचं असतं, हे मी जन्मभराचं सत्य धरून चालले होते. जिंगूला बसले तेव्हा समोर अशी मुलं होती ज्यांना कुणी हे वाक्य म्हटलं नव्हतं, किंवा म्हटलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल. देशातली सगळ्यांत कठीण परीक्षाही दिली आणि ग्लोव्हही काढला नाही. ती जिंकतात की हरतात हा माझ्यासाठी नंतरचा प्रश्न आहे. त्यांना तिथे उभं असलेलं मला बघायचं असतं.

विजय येतातही. २०१७ मध्ये मियादाई कोहेई हा डावखुरा पिचर व्यावसायिक संघाने निवडला, तोदाईतून तिथवर पोचलेला तो सहावा. नंतर पुन्हा ६४ पराभव झाले. ती माळ ३० मे २०२१ ला तुटली, पुन्हा होसेईशीच, २-० अशी. तेव्हा प्रशिक्षक होते इदे ताकाशी, वय ७७, तोदाईतून व्यावसायिक झालेल्या पहिल्या काहींपैकी एक.

तर पुढच्या वेळी विचारण्याऐवजी चला. गिन्झा लाइनने गाइएनमाए स्टेशन, तिथून पायी. जुनं स्टेडियम पाडून नवं बांधायचं ठरलं आहे, तेव्हा लवकर. आकाशी बाजूला जागा मिळते. मी थालीपीठं आणते.

भाची यंदा दहावीत आहे, इस्लामपूरलाच. परवा तिने फोटो पाठवला: मॅटवर घासून सोललेला गुडघा, त्यावर हळद, आणि खाली लिहिलेलं, "मावशी, विभागीयला निवड झाली. शनिवारी मॅच."