एस.ई.५ए ला तारा ओढताना: कोणत्या जागी कोणता धागा

बायप्लेनच्या, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाच्या, मॉडेलवर रिगिंगसाठी (पंखांमधल्या ताणाच्या तारांसाठी) धागा विकत घेण्याआधी मी एक गोष्ट नक्की करून घेतो: मूळ विमानावर तार कसली होती. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन विमानांवर बहुतेक ठिकाणी पिळाचा गोल केबल असे आणि तो ताणायला टर्नबकल, म्हणजे फिरवून घट्ट करायचा आट्यांचा जोड. ब्रिटिश विमानांवर युद्धाच्या उत्तरार्धात 'रॅफवायर' आल्या. या घडीव पोलादी तारा चपट्या असत आणि त्यांचा छेद भिंगासारखा असे. रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीने त्या काढल्या, आणि एस.ई.५ए हे त्याच फॅक्टरीचं लढाऊ विमान. जुलै १९१८ मध्ये भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय ४० नंबरच्या स्क्वाड्रनमधून हेच विमान उडवत होते, त्यामुळे आपल्याकडच्या मॉडेलवाल्यांचा त्याच्यावर जीव असतो. खाली लिहिलंय ते १:७२ आणि १:४८ (मूळ विमानाच्या बहात्तराव्या आणि अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढ्या) या दोन मापांच्या एस.ई.५ए बद्दल.

आधी जाडीचा हिशेब. चार मिलिमीटरचा केबल १:७२ मध्ये ०.०५६ मि.मी. होतो, १:४८ मध्ये ०.०८३. सात मिलिमीटर रुंदीची रॅफवायर १:७२ मध्ये जेमतेम ०.१, तर १:४८ मध्ये ०.१५ भरते. हा तिचा रुंद भाग झाला. समोरून दिसणारी जाडी त्या रुंदीच्या साधारण पाव. म्हणून १:७२ मध्ये ०.१ च्या वरचं काहीही मी पंखांवर लावत नाही. डोळ्याला जाड तार लगेच खुपते, बारीक तार मात्र कधीच खोटी वाटत नाही.

मासेमारीच्या दुकानातल्या नायलॉनच्या रिळावर छापलेल्या जाडीच्या आकड्यावर विसंबू नका. सुईवर धाग्याचे वीस वेढे एकमेकांना चिकटून घ्या आणि रुंदी मोजा. दोन मिलिमीटर भरली तर धागा ०.१ चा. फ्लाय फिशिंगचा ८एक्स टिपेट (गळाजवळचा अतिबारीक धागा) मिळाला तर उत्तम, तो ०.०७६ मि.मी. असतो.

नायलॉन मजबूत, स्वस्त आणि सरळ. पण त्याला भोक आरपार लागतं: वरच्या पंखातून ओवायचा, ताणायचा, चिकटवायचा, वर आलेलं टोक कापायचं, भोक पुट्टीने बुजवायचं आणि पुन्हा रंग द्यायचा. म्हणजे वरच्या पंखाचा शेवटचा रंग आणि डिकल (पाण्याने चिकटवायची छापील चित्रं) रिगिंगनंतरच. दुसरा त्रास ताणाचा. दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसेल तर १:७२ चा पातळ पंख खरोखर वाकतो, आणि ते आठवड्याने लक्षात येतं. शिवाय नायलॉन हवेतली ओल शोषून लांबतो. मुंबई-कोकणात जूनमध्ये ताठ असलेली तार ऑगस्टमध्ये झोळ देते. पेटती उदबत्ती पाचेक मिलिमीटरवरून झपकन फिरवली की ती आखडते. क्षणभर रेंगाळलात तर तुटते.

ओढलेला स्प्रू, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या दांड्यांना जोडलेले येतात त्या ताणून केलेला धागा, फुकट मिळतो. मेणबत्तीवर मऊ करून ओढला की केसाइतका बारीक होतो, आणि पांढऱ्या गोंदाच्या एका ठिपक्याने बसतो. त्यालाही उदबत्तीची ऊब चालते. पण तो ठिसूळ. धूळ झटकताना ब्रश लागला की गेला. आपल्याकडच्या धुळीत काचपेटी नसेल तर मी तो सुचवणार नाही.

१:७२ मध्ये लांब तारांसाठी माझी निवड लायक्राचा ताणला जाणारा धागा. इझेड लाइन किंवा इन्फिनी कंपनीचा ४० डेनियर घ्या (डेनियरचा आकडा लहान तितका धागा बारीक). ७० डेनियर १:४८ ला. त्याचा फायदा एकच, पण मोठा: तो पंखावर जवळजवळ जोर टाकत नाही. बोट लागलं तर ताणतो आणि परत जागेवर येतो. ओलीने झोळ देत नाही. भोक आंधळं चालतं, म्हणजे पिन व्हाइसमध्ये (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलमध्ये) ०.३ चा ड्रिल लावून फक्त एक मिलिमीटर खोल. त्यामुळे रंग, डिकल, व्हार्निश सगळं आधी उरकता येतं.

लावताना फॉइलवर फेविक्विकचा थेंब घ्या. शिवणाच्या सुईच्या नेढ्याचं टोक कापलं की दोन दातांचा चिमुकला काटा होतो, त्याने गोंद उचला. धाग्याचं टोक वरच्या पंखाच्या भोकात बसवून पुरतं धरू द्या. मग दुसरं भोक जिथे आहे तिथवर धागा न ताणता नेऊन, त्या अंतराच्या साधारण दहा टक्के आखूड कापा. टोकाला गोंद लावून चिमट्याने भोकात दाबा आणि वीस आकडे मोजेपर्यंत हलू नका. जास्त ताणलेला धागा इतका बारीक होतो की दिसेनासा होतो, आणि गोंद सैल पडला की निसटतो. अ‍ॅक्सिलरेटर (गोंद लवकर वाळवणारा फवारा) मारू नका, सांधा ठिसूळ होतो. पावसाळ्यात फेविक्विकच्या वाफेने भोकाभोवती पांढरी बुरशीसारखी झाक येते. गोंद कमीत कमी आणि पंख्याची मंद हवा एवढाच उपाय.

काही लायक्रा धागे चपटे असतात. रॅफवायरसाठी हे वरदानच, फक्त पीळ पडू द्यायचा नाही. धार पुढे, रुंद बाजू बगलेला. पीळ पडला तर तार मध्येच जाड-बारीक दिसते. तो बसवल्यानंतर निघत नाही, टोक सोडवूनच काढावा लागतो.

आखूड तारांना लायक्रा शोभत नाही. कॉकपिटसमोरच्या छोट्या खांबांमधल्या फुल्या आणि चाकांच्या दांड्यांमधल्या तारा मी ०.१ च्या निक्रोम किंवा स्टील तारेच्या लावतो. कंपासपेटीतल्या डिव्हायडरने अंतर घ्या, काचेवर स्टीलच्या पट्टीखाली तार लाटून सरळ करा, किंचित आखूड कापा, दोन्ही टोकांना फेविकॉलचा ठिपका. भोकाची गरजच नाही. मापापेक्षा जरा जरी लांब झाली तर कमान होते, मग नवीच कापावी. हेडफोनच्या वायरीतलं तांबं बारीक असतं, पण इतकं मऊ की हात लागला की वाकतं.

१:४८ मध्ये फोटो-एच केलेल्या, म्हणजे पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेल्या, चपट्या स्टील तारा मिळतात. पैसे मोजायची तयारी असेल तर एस.ई.५ए ला त्यांच्याइतकं खरं काही दिसत नाही. लावण्याआधी प्रायमर द्या, नाहीतर रंग सोलून निघतो.

क्रम आतून बाहेर: आधी खांबांमधल्या फुल्या, मग लँडिंग वायर (जमिनीवर पंख तोलणाऱ्या), नंतर जोडीने जाणाऱ्या फ्लाइंग वायर (उडताना पंख धरणाऱ्या), शेवटी शेपटीच्या आणि एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या झडपांच्या) कंट्रोल केबल. त्या केबल मूळ विमानावर गोल आणि बारीक होत्या, म्हणून तिथे एक नंबर बारीक धागा घ्या. लँडिंग आणि फ्लाइंग वायर जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या घासू नयेत म्हणून लहानसा अडसर असे. १:४८ मध्ये फेविकॉलचा एक ठिपका वाळवून त्याला गडद रंग दिला की पुरतं. १:७२ मध्ये सोडून द्या.

काळा धागा तसाच ठेवला तर रेघ ओढल्यासारखा दिसतो. गडद राखाडी अ‍ॅक्रिलिकमध्ये थोडी स्टीलची छटा मिसळून, जवळजवळ कोरड्या ब्रशने बगलेवर एकच हात. चकचकीत चांदीने लायक्रा प्लॅस्टिकच्या पट्टीसारखा दिसतो, आणि रंगाचा थर जाड झाला की पहिल्या ताणालाच त्याचे पापुद्रे निघतात.