चित्र सुधारलं की आवाज जायचा: माझ्या एचटीपीसीची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की माझ्या एचटीपीसीचे, म्हणजे सिनेमे पाहायला टीव्हीला जोडलेल्या पीसीचे, मागचे दोन स्पीकर अखेर बोलते झाले. पीसीची एचडीएमआय आधी टीव्हीत आणि तिथून ऑप्टिकल केबलने रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणाऱ्या अॅम्प्लिफायरमध्ये) अशी माझी जोडणी होती. टीव्ही ऑप्टिकलवर फक्त स्टिरिओ सोडत होता. पीसी थेट रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला जोडल्यावर रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘डॉल्बी डिजिटल’ उमटलं. आठ दिवस घरात आनंद होता. मग मी अडखळणाऱ्या चित्राच्या मागे लागलो आणि मागचे स्पीकर पुन्हा गप्प झाले.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर असलेला छोटा पीसी, त्यावर डेबियन (लिनक्स) आणि कोडी हा सिनेमे चालवणारा प्रोग्रॅम, फुल एचडी टीव्ही, जुना पण धडधाकट ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे सहा चॅनेल). १०-बिट एचईव्हीसी या जड व्हिडिओ प्रकारच्या फायलीसुद्धा हार्डवेअरच उलगडतं, सीपीयू निवांत असतो. त्यामुळे चित्र ठेचकाळतं ते मशीन कमी पडतं म्हणून नाही, एवढं नक्की होतं.

खरं कारण वेगाच्या गणितात होतं. सिनेमा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा आणि पडदा ६० हर्ट्‌झवर. ६० मध्ये २४ सरळ बसत नाहीत, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, पुन्हा दोनदा असं चालतं. म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंद दिसते आणि शेजारची ५०. माणसं बसून बोलत असतील तर काही जाणवत नाही. कॅमेरा भाताच्या खाचरांवरून सावकाश आडवा सरकला की प्रत्येक बांध धक्के खात पुढे जातो. एकदा डोळ्याला हे कळलं की मग दुसरं काही दिसेनासं होतं.

कोडीत पडद्याचा रिफ्रेश रेट (सेकंदाला पडदा किती वेळा चित्र बदलतो तो वेग) फायलीप्रमाणे बदलण्याची सोय आहे, ती ‘सुरुवातीला आणि शेवटी’वर ठेवली. धक्के गेले. पण दर चाळीसएक सेकंदांनी एक बारीक अडखळा उरला. घड्याळ लावून मोजलं: जवळजवळ ४२ सेकंद. हा आकडाच कामाला आला. २४ मधून २३.९७६ वजा केले की सेकंदाला ०.०२४ फ्रेमचा फरक, म्हणजे सुमारे ४२ सेकंदांत एक पूर्ण फ्रेम. पडदा नेमक्या २४.०००वर चालत होता!

इथे माझी वाट चुकली. योग्य मोड शोधायच्या ऐवजी मी ‘सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले’ चालू केलं. अडखळा गेला. पण या सेटिंगमध्ये कोडी सिनेमाचा वेग पडद्याशी जुळवून घेतं आणि त्या वेगाला बसेल असा आवाज नव्याने घडवतं. घडवायचा तर आधी उलगडायला हवा, म्हणून पासथ्रू, म्हणजे आवाज न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरकडे पाठवणं, बंद होतं. त्यात कोडीतली चॅनेलची संख्या टीव्हीच्या जुन्या जोडणीपासून २.० वरच (स्टिरिओवरच) राहिली होती. मग सगळे सहा चॅनेल दोनात कोंबले जात होते. दोन संध्याकाळी मी केबल काढून-घालून पाहत बसलो. केबलचा काहीच दोष नव्हता.

शनिवारी रात्री एक्सरँडर या पडद्याचे मोड दाखवणाऱ्या कमांडची यादी नीट वाचली. त्यात २४.०० आणि २३.९८ असे दोन वेगळे मोड होते. कोडीच्या व्हाइटलिस्टमध्ये (वापरायला परवानगी दिलेल्या मोडच्या यादीत) मी पहिलाच निवडला होता. आता २३.९८, २४, २५, ५०, ५९.९४ आणि ६० असे सगळे निवडले, सिंक बंद केलं, पासथ्रू चालू केलं. ४२ सेकंद, ८४ सेकंद, १२६ सेकंद. काहीही नाही. चित्र वाहत राहिलं आणि सिनेमातला पाऊस मागच्या स्पीकरमधून पडायला लागला. त्या रात्री तो एकच प्रसंग मी चार वेळा पाहिला.

चॅनेलही ५.१ केले. हे सगळ्यांनी तपासा. डॉल्बी, डीटीएस या प्रकारचे आवाज पासथ्रूने जातात, पण माझ्या रिसीव्हरला एएसी हा आवाजाचा प्रकार कळत नाही. एएसी ५.१ची फाइल कोडीलाच उलगडून पीसीएमचे (उलगडलेल्या साध्या आवाजाचे) सहा चॅनेल म्हणून पाठवावी लागते. कोडी मी थेट अल्सावर (लिनक्सच्या मूळ ध्वनी यंत्रणेवर) चालवतो, मध्ये पल्सऑडिओ हा आवाजाचा आणखी एक थर नको.

मग कोडी बंद करून सहा चॅनेलवर स्पीकर-टेस्ट ही एकेका स्पीकरचं नाव बोलणारी कमांड चालवली. ‘रिअर लेफ्ट’ हे शब्द उजवीकडून आले. मागच्या वायरींची अदलाबदल झाली होती, पाच मिनिटांचं काम.

दोन गोष्टी अजून कराव्या लागल्या. मोड बदलताना पडदा तीनएक सेकंद काळा होतो आणि पहिलं वाक्य हुकतं, म्हणून कोडीत तेवढा थांबा दिला. आणि टीव्ही चित्रावर प्रक्रिया करतो तोवर आवाज पुढे निघून जायचा. कुणी टाळी वाजवतंय असा प्रसंग लावून बायकोला समोर बसवलं आणि रिसीव्हरमध्ये उशीर वाढवत गेलो. १२० मिलिसेकंदांवर ती म्हणाली, “आता बरोबर.” मला ११० लाच पटलं होतं, पण तिची नजर बारीक आहे, १२० ठेवले.

रविवारी आईच्या नाटकांच्या व्हीसीडी लावल्या. ३५२ बाय २८८, सेकंदाला २५ फ्रेम. पडदा आपोआप ५० हर्ट्‌झवर गेला आणि प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा. तपशील वाढत नाही, पण नटाची रंगमंचावरची चाल सरळ होते. आवाज स्टिरिओच आहे. रिसीव्हरने तो पाच स्पीकरवर पसरवून पाहिला तर संवाद मधल्या स्पीकरमध्ये ठाम बसले, आईला ते आवडलं. प्रेक्षकांचं हसू मात्र मागून यायला लागलं, आणि नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसल्यावर हसू मागूनच येतं. ते तसंच ठेवलंय.

आता मागचे स्पीकर स्टुलांवरून भिंतीवर न्यायचेत, बसण्याच्या जागेपासून ११० अंशांवर. डावीकडे तिथे नेमकी खिडकी येते. कुणी पडद्याच्या दांडीशेजारी ब्रॅकेट बसवला असेल तर कसा, ते जरूर सांगा.