स्वस्त पॉइंट टू-टू (.22) रायफलवर भरवसा ठेवावा का?

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. प्रश्न साधारण असा असतो: "मॅडम, मुलगी एअर रायफलवर बरा स्कोअर करते, आता 50 मीटरला जायचं म्हणते. लाखांतली जर्मन रायफल आम्हाला झेपणारी नाही. साधी पॉइंट टू-टू घेतली तर ती ग्रुप देईल का, म्हणजे गोळ्या जवळजवळ एका जागी पाडेल का? आणि ऐन वेळी दगा तर देणार नाही ना?" 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं आणि तेव्हापासून पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर हा प्रश्न जास्तच कानावर येऊ लागला. विचारणारे बहुतेक पालक असतात. काही कॉलेजातली मुलंही असतात, एनसीसीच्या कॅम्पात 25 यार्डांवर पॉइंट टू-टू चालवलेली आणि तिथेच तिच्या प्रेमात पडलेली.

माझं उत्तर असं: साधी बोल्टची रायफल, म्हणजे दर गोळीला हाताने कडी मागेपुढे करायची ती, चालेल, चांगली चालेल. वाचतील ते पैसे काडतुसांसाठी बाजूला ठेवा.

हे पटायला त्या काडतुसाची घडण माहीत हवी. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी छोटी टोपी, बसवलेला असतो. .22 मध्ये वेगळा प्राइमर नसतोच. पितळेच्या नळकांड्याची बुडाची कड आतून पोकळ असते आणि पेट घेणारं रसायन गरागरा फिरवून त्या कडेत पसरवलेलं असतं. फायरिंग पिन कडेवर आदळते, कड चेपते, ठिणगी पडते. ही सगळी करामत कागदासारख्या पातळ पत्र्यात चालते. हलक्या दर्जाच्या काडतुसात ते रसायन कडेत सगळीकडे सारखं पसरत नाही. पिन नेमकी रिकाम्या जागी बसली की मिसफायर, काडतूस उडतच नाही. म्हणूनच न उडालेलं काडतूस अर्धं फिरवून पुन्हा घातलं की पुष्कळदा उडतं. (मिसफायर झालं तर नळी टार्गेटकडेच ठेवून पूर्ण 30 सेकंद थांबायचं, मग बोल्ट उघडायचा. यात घाई करणाऱ्याला मी त्या दिवशी पुन्हा फायरिंग पॉइंटवर बसू देत नाही.)

म्हणजे "रायफल दगा देते" अशी तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी काडतुसाचा डबा मागते. मग बोल्ट. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या रायफलच्या बोल्टमधलं जुनं ग्रीस घट्ट होतं, पिन मंदावते आणि कडेवर हलका ठोका बसतो. नवं काडतूस आणि जळमट काढलेला बोल्ट, एवढ्यावर बऱ्याच "बिघडलेल्या" रायफली सुधारतात. तरीही अडलं, तर झिजलेली पिन किंवा एक्स्ट्रॅक्टर (नळकांडं बाहेर ओढणारा आकडा). दोन्ही छोटे भाग आहेत, चांगला आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा, ते बदलून देतो.

आता अचूकतेचं. स्वस्त रायफलमध्ये कारखानदार पैसा कुठे वाचवतो ते पाहा. लाकडाऐवजी प्लास्टिकचा स्टॉक, वरची झिलई साधी, ट्रिगर जड आणि रखरखीत, मॅगझिन पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं, नेम धरायची साइट जेमतेम. बॅरलमध्ये मात्र पूर्वीइतकी काटछाट राहिलेली नाही, कारण नळीतले आटे पाडण्याची यंत्रं आता एवढी सरावली आहेत की बरी बॅरल स्वस्तातही बनते. प्लास्टिकच्या स्टॉकला लोक नाकं मुरडतात. मला आपल्या हवेत तो उलट बरा वाटतो. लाकूड जुलैत ओल धरतं, फुगतं, आणि मे महिन्यात बसवलेला झिरो, म्हणजे गोळी नेमावर पडावी म्हणून जुळवलेली साइट, सरकतो. लाकडी स्टॉक असेल तर पावसाळा लागताना आणि संपताना स्टॉकचे स्क्रू दर वेळी सारख्याच जोराने आवळलेत का ते तपासा आणि झिरो पुन्हा घ्या. ढिल्या स्क्रूमुळे फाकलेला ग्रुप पाहून बॅरलला दोष देणारे मला नेहमी भेटतात.

पण ग्रुप खरा ठरवतं ते काडतूस. समजा दोन गोळ्या एकाच डब्यातल्या, एक सेकंदाला 320 मीटर वेगाने निघाली, दुसरी 330 ने. बाकी सगळं सारखं धरलं तरी 50 मीटरवर त्यांच्या उंचीत सुमारे 7 मिलिमीटरचा फरक पडतो. टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ केवळ 10.4 मिलिमीटर रुंद आहे. एवढं अंतर रायफलने काही न करता, तुमच्या मुलीने काही न चुकता गेलं. मॅचच्या काडतुसाला जी किंमत पडते ती ह्या सारखेपणाची: दारूचं वजन सारखं, गोळीचा आकार सारखा, कडेतलं रसायन सारखं.

वेगवान काडतुसाचा मोहही टाळा. हाय व्हेलॉसिटी लिहिलेलं दिसलं की मुलांचे डोळे चमकतात. आवाजाचा वेग साधारण 343 मीटर प्रतिसेकंद. ती गोळी त्याच्या वर निघते आणि वाटेत त्या वेगाच्या खाली येते, आणि तिथेच हवेचे धक्के तिला डळमळवतात. मॅचचं काडतूस मुळात त्याच्या खालच्या वेगाचं असतं, म्हणून शांतपणे जातं.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना सहसा पटत नाही. एकाच कंपनीचं, एकाच नावाचं काडतूस, पण लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक) वेगळा, आणि तीच रायफल वेगळी वागते. शेजारच्या लेनवर सुंदर ग्रुप देणारा लॉट तुमच्या रायफलमध्ये फुटकळ निघू शकतो. त्यामुळे "कुठलं काडतूस चांगलं?" ह्याला तुमची रायफल सोडून कुणीच उत्तर देऊ शकत नाही. मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन लॉट तपासायला जातात ते ह्याचसाठी. आपण निदान दोन-तीन प्रकारचे डबे आणून बघावेत. काडतूस बदललं की पहिले दहा-वीस राउंड मोजू नका. गोळीवर मेणासारखं वंगण असतं, नव्या वंगणाचा थर नळीत बसल्याशिवाय ग्रुप स्थिरावत नाही. आणि तपासताना तीन गोळ्यांचा ग्रुप मानू नका. तीन गोळ्या योगायोगानेही एका भोकात जातात, आणि लोक फोटो त्याच ग्रुपचा काढतात. दहा गोळ्या मारा, तसे चार-पाच ग्रुप घ्या, सगळ्यांत वाईट कोणता ते लिहून ठेवा. साधी रायफल, जमलेला लॉट आणि भक्कम आधार असेल तर दहा गोळ्या वीसेक मिलिमीटरच्या आसपास याव्यात. अशा रायफलवर बरेच दहा आणि काही नऊ मिळतील. शिकणाऱ्याला पहिली काही वर्षं याहून जास्त लागत नाही.

याचं कारण वारा. ताशी 16 किलोमीटरचा आडवा वारा 50 मीटरवर .22 ची गोळी अडीच सेंटिमीटरच्या आसपास ढकलतो. दहाचा सात होतो. बालेवाडीत दुपारी वारा उठला की लाखांच्या रायफलवाल्यांचाही सात होतो. रेंजवरचा वाऱ्याचा झेंडा वाचायला शिकलेली मुलगी साध्या रायफलवर पुढे जाते, आणि ते शिकायला राउंड लागतात. पैसे काडतुसांसाठी ठेवा म्हणते ते म्हणूनच.

ऑटो लोडिंगची, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घेऊ का, असंही विचारतात. रुगर 10/22 चे व्हिडिओ पाहिलेले असतात. 1964 पासून बनतेय, मजेची आणि दणकट रायफल आहे, पण शिकायला नको. तसल्या रायफलचं चेंबर (काडतूस बसायची जागा) काडतूस अडकू नये म्हणून सहसा जरा सैल ठेवतात, तिला काडतूसही ठराविक ताकदीचं लागतं, आणि मेण व काजळी साचली की ती अडखळते. बोल्ट रायफलमध्ये हे तिन्ही त्रास कमी. मॅगझिन नाठाळ असेल तर हाताने एकेक राउंड घाला. मॅचमध्ये तसंच घालतात, शिवाय शिशाच्या मऊ गोळीचं नाक घासलं जात नाही.

शिवाय आपल्याकडे या चर्चेला कायद्याची मर्यादा आहे. .22 ला परवाना लागतो, पुणे शहरात अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे जातो, आणि सॅव्हेज किंवा सीझेड अशा परदेशी कंपनीची नवी रायफल साध्या परवान्यावर दुकानातून उचलता येत नाही. म्हणून इथे स्वस्त म्हणजे देशी, किंवा कुणाच्या परवान्यावरून उतरलेली जुनी. (4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही, सुरुवात तिच्यावरच करावी.)

जुनी बघायला जाल तेव्हा वरचा काळा रंग उडालाय की नाही, याकडे लक्ष देऊ नका. रिकामी असल्याची खात्री स्वतः करून बोल्ट काढा आणि बॅटरीच्या उजेडात नळीतून पाहा, गंजाचे खड्डे आहेत का. नळीचं तोंड नीट बघा. .22 ची बॅरल गोळ्यांनी फारशी झिजत नाही, पण तोंडाकडून घातलेल्या साफसफाईच्या सळईने तिथली कड हमखास जाते, आणि ती गेली की कुठलाच लॉट जमत नाही. चेंबरच्या कडेवर पिनचा ठसा उमटलेला असेल तर कुणीतरी ती काडतुसाशिवाय, रिकामी चालवून चालवून खेळलेलं आहे. त्या ठशामुळे राउंड अडकतात. मग मालकाला विचारा की रेंजवर दहा राउंड मारून दाखवता का. नाही म्हणाला तर घेऊ नका. हो म्हणाला तर काडतुसं दोन वेगवेगळ्या डब्यांतली घ्या आणि दोन्ही टार्गेटं मला आणून दाखवा.